उजव्या दाराचा टवका

कोकोच्या बागेच्या वाटणीत एक खुर्ची मोडली होती आणि दोन चुलत भावांचं बोलणं कायमचं बंद झालं होतं. त्यानंतर कुमासीच्या ओल्ड टाफो वस्तीतल्या या घराची अशी रीतसर बैठक कधी बसली नव्हती. आज रविवारी दुपारी ती बसली, आणि बसली कशासाठी, तर अजेकुमच्या गाडीच्या रंगाचे टवके उडाले म्हणून.

पोकुआला हे मुळातच पटलेलं नव्हतं. चर्चहून आल्या आल्या तिने घट्ट चपला पायातून भिरकावल्या, शेंगदाण्याच्या सुपाचं पातेलं शेगडीवर चढवलं आणि नेसत्या कापडाला हात पुसत अंगणात डोकावून पाहिलं. मधोमध ती गाडी. लाल, बुटकी, छप्पर मागे दुमडलेलं, आत जेमतेम दोन माणसांची जागा. भोवती प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. नवख्या माणसाला वाटलं असतं की मध्ये प्रेत ठेवून सगळे उचलायची वाट बघतायत.

अजेकुम तिचा धाकटा भाऊ. सहासष्ट वर्षांचा, भूगोलाचा निवृत्त मास्तर. बायको वारल्यावर तो आपलं बिऱ्हाड उचलून आईच्या घरी, म्हणजे पोकुआच्या राज्यात परत आला, तेव्हापासून त्याचं ताट तीच वाढत होती. नाकासमोर चालणारा माणूस. आणि या माणसाने गेल्या ऑक्टोबरात तेमा बंदरावरून ही गाडी उचलून आणली. जर्मनीत कोणीतरी वापरून कंटाळलेली. दोन माणसांच्या गाडीत घरातली सगळी बसणार कुठे, असं सेर्वाने विचारलं, तेव्हा तो अगदी शांतपणे "तेच तर" म्हणाला होता. ते "तेच तर" पोकुआला अजून खुपत होतं.

आणि टवके उडाले म्हणून बैठक बसते, असंही नव्हतं. झालं असं, की बुधवारी अजेकुमने फोफिएला बाजूला घेऊन विचारलं, शनिवारच्या आत एवढं काम होईल का. फोफिए त्यांच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा. मॅगझिनमध्ये, जिथे कुमासीतल्या साऱ्या गाड्या मरायला आणि पुन्हा जन्माला जातात, तिथे तो रंगकाम करायचा. त्याच्या पोटात काही राहत नाही. त्याने सेर्वाला सांगितलं. सेर्वा म्हणजे पोकुआची थोरली लेक, आणि तिला सांगणं म्हणजे तिच्या पार्लरात केस सुकवत बसलेल्या सगळ्या बायकांना सांगणं. टवक्यांचं कोणालाच काही पडलेलं नव्हतं. शनिवारच का, हे सगळ्यांना हवं होतं.

"बसा, बसा," नाना बोआतेन म्हणाले. नाना घराण्याचे मुख्य, ऐंशीच्या पुढचे. निकाल द्यायची वेळ आली की त्यांना झोप लागायची. "ज्याची गाडी त्याने आधी बोलावं."

अजेकुम उभा राहिला. फळ्यासमोर उभा राहायचा तसाच, एक हात पाठीमागे.

"विषय अगदी छोटा आहे, नाना. बॉनेटवर खडी उडून बारीक टवके गेलेत. उजव्या दाराच्या कडेला एक मोठा आहे, तिथे आतला पत्रा दिसतोय. आता धुळीचे कोरडे दिवस आहेत म्हणून निभावतंय. पाऊस लागला की गंज धरेल. कंपनीच्या मूळ रंगाची छोटी बाटली मी अक्राहून मागवलीय. टवका साफ करायचा, प्रायमर लावायचा, मग बारीक ब्रशने रंगाचे दोन-तीन पातळ हात, वरून लॅकर. झालं. यात बैठक घेण्यासारखं मला तरी काही दिसत नाही."

"ब्रश?" फोफिए इतका हळू बोलला की कोणाच्या मरणाची बातमी सांगतोय असं वाटावं. "मामा, ब्रशने भिंत रंगवतात. मॅगझिनमध्ये कळलं, फोफिएचा मामा गाडीला ब्रश लावतो, तर मला उद्या दुकान उघडायला तोंड नाही. आणि ठिगळ दिसतंच. जुना रंग उन्हाने उतरलेला, नवा ताजा. अंगावर गोवर उठल्यासारखी दिसेल गाडी. माझं ऐका. अख्खी घासून काढू आणि अख्खी रंगवू. पांढरी. मोत्यासारखी. रंग माझ्याकडे शिल्लक आहे."

"कशातला शिल्लक?" सेर्वाने विचारलं.

"चर्चच्या बसमधला."

"जिच्या खिडक्यांच्या काचासुद्धा पांढऱ्या झाल्यात, ती बस?"

"त्या दिवशी वारा होता."

"माझं म्हणणं ऐकाल तर हे सगळं चार मिनिटांचं काम आहे," असं म्हणत सेर्वाने पर्समधून नखांच्या रंगाच्या बाटल्या काढल्या आणि बॉनेटवर ओळीने मांडल्या. "हा टोमॅटो, हा चेरी, हा जरा विटकरीकडे जातो. मी सकाळीच पुढच्या बाजूला एका टवक्यावर चेरी लावून पाहिला. चर्चला निघायच्या घाईत जरा पसरला, पण लांबून कळत नाही."

अजेकुमने चष्मा सारखा केला, वाकून पाहिलं आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"पुसून टाकते हवं तर. रिमूव्हर आहे माझ्याकडे."

"सेर्वा, बाळ," तो सरळ होत म्हणाला, "रिमूव्हर लावलंस तर खालचा रंगही त्याच्याबरोबर जाईल. तू आता गाडीपासून दोन हात लांब बस."

नानांनी काठी आपटली. "सोपी गोष्ट अवघड करताय. टवक्यावर स्टिकर चिकटवा. माझ्या भाच्याच्या भाड्याने माणसं नेणाऱ्या ट्रोट्रोचं दार पार सडलं होतं, त्याने त्यावर 'शत्रूंनो, दमलात का' असं लावलं. अजून धावते. तू पुढे तेच लाव, आणि दारावर 'बहिणीला विचारा'."

हे शेवटचं पोकुआकडे बघून होतं, आणि ते निव्वळ चेष्टेने नव्हतं. अशांती जमातीत घर आईच्या बाजूने चालतं. नाना मुख्य खरे, पण बायकांतली थोरली पोकुआ, आणि तिने मान हलवल्याशिवाय या घरातून लग्नाचं वा मातीचं माणूस बाहेर पडत नसे. सगळे तिच्याकडे बघू लागले.

"पांढरी करा," ती म्हणाली. फोफिएने मांडीवर थाप मारली. "तुझ्या बसच्या रंगाचं कौतुक नाही मला. पण लाल नको. लाल आणि काळं आपण नेसतो ते घरातलं कोणी गेलं की. हा दर गुरुवारी ही लाल गाडी काढून निघतो, आणि गल्लीतल्या बायका मला विचारतात, आज कोणाची माती आहे. मी काय सांगू?"

"सांग, निवृत्त मास्तरांची सभा आहे," अजेकुम म्हणाला.

"सभा टाफोच्या शाळेत. डांबरी रस्त्याने. तिथे खडी कुठून उडाली?"

"शहरात सगळीकडेच कामं चाललीत, अक्का."

एवढ्यावर ती गप्प बसलीही असती. सूप खाली लागायची भीती होती. पण जाता जाता तिचं लक्ष उजव्या दाराकडे गेलं, आणि एवढं सगळं ज्याच्यासाठी चाललंय तो मोठा टवका तरी बघावा म्हणून गुडघे धरून ती खाली बसली. दाराच्या अगदी कडेला, हँडलच्या खाली, अंगठ्याच्या नखाएवढा रंग उडाला होता. आतला पत्रा दिसत होता, आणि पत्र्याच्या भोवती थोडा हिरवा रंग चिकटलेला होता. तिने नखाने खरवडून पाहिला. फाटकाला लावतात तसला जाड तेलाचा रंग.

आपल्या घराचं फाटक निळं. शाळेला फाटकच नाही, चोरांनी नेल्यापासून. पोकुआ जमिनीवर बसूनच विचार करत राहिली.

"अजेकुम, तू गाडीतून कोणत्या बाजूने उतरतोस?"

"डाव्या. स्टिअरिंग डावीकडे आहे."

"मग उजवं दार उघडून कोणाच्या हिरव्या फाटकावर कोणी आपटलं?"

अजेकुमने आधी दाराकडे पाहिलं, मग आकाशाकडे.

"वारा," अजेकुम म्हणाला.

"बघा. मी काय सांगत होतो," फोफिए म्हणाला.

सेर्वाला आता खुर्चीत बसवेना. दाराची कड पुसून नीट बघू, असं म्हणत फडकं शोधायला तिने गाडीची डिकी उघडली. फडकं मिळालं. फडक्याखाली खोक्यातल्या श्नॅप्स दारूच्या बाटल्या मिळाल्या. दोन.

"ते गाडीच्या आशीर्वादासाठी," अजेकुम घाईने म्हणाला.

"गाडीला एक पुरते," नाना म्हणाले. त्यांची झोप पार उडाली होती. "दोन कशाला लागतात ते मी चार वेळा केलंय."

तिथे बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. दोन बाटल्या घेऊन माणूस मुलीकडच्यांच्या दारावर टकटक करतो, म्हणजे त्याच्या वतीने त्याच्या घरचे करतात. बोलणी त्यांनी करायची, नवरदेवाने फक्त सोबत जायचं.

अजेकुम खुर्चीत बसला. मास्तरकी गळून गेली होती. घाटापलीकडच्या माम्पोंगची मॅडम दुफिए, तो म्हणाला. सरकारी दवाखान्यातली सुईण होती, आता निवृत्त. नवरा वारलेला. साठीची आहे. तिच्या भावांना शनिवार कळवलाय. मी तुम्हाला सांगणारच होतो.

"कधी?" पोकुआने विचारलं.

"टवके बुजले की. तिनेच सांगितलं होतं, आमच्या फाटकावर आपटून उडालेला दाराचा तो टवका आधी नीट कर, भावांना दिसला तर मी आधीच गाडीतून फिरते हे कळेल."

पुढच्या दोन मिनिटांत घराची फळी बदलली. सेर्वाने बाटल्या छातीशी धरल्या आणि शनिवारी कोणता रंग नेसायचा यावर मोठ्याने विचार करायला लागली. सकाळपर्यंत ही गाडी विकायच्या बाजूने असलेली सेर्वा आता म्हणत होती की गाडी मामाला किती शोभते. नानांनी माम्पोंगला त्यांच्या ओळखीचे कोण कोण जिवंत आहेत ते बोटांवर मोजायला घेतलं. फोफिए म्हणाला, लग्नाला तर पांढरीच.

पोकुआ उठून उभी राहिली. आपल्याला काय बोचतंय हे तिला चांगलं ठाऊक होतं. दुफिएवर तिचा राग नव्हता, तिने तर तिला पाहिलंही नव्हतं. संध्याकाळी अंगणात दोन ताटं मांडायची तिला सवय झाली होती. एकच ताट मांडून ती कोणाशी भांडणार होती? सेर्वा पार्लरातून येते ती फोनवर बोलतच, आणि नानांशी भांडायला त्यांना आधी उठवावं लागतं.

"रंग ठरल्याशिवाय ही गाडी दारातून हलणार नाही," ती म्हणाली. "आणि माझा शब्द असा, की अख्खी घासायची. फोफिए, किती दिवस लागतील?"

"पंधरा दिवसांत चकाचक."

"घाई करू नकोस. नीट महिनाभर कर. माझी माणसं टवके उडालेल्या गाडीतून कोणाच्या दारात जाणार नाहीत. आणि मी हो म्हटल्याशिवाय कोणीच कुठे जाणार नाही."

फोफिए बादली आणि पॉलिश पेपर आणायला धावला. अजेकुमने तिच्याकडे पाहिलं. ती मान वळवून स्वयंपाकघरात गेली.

सूप खाली लागलंच होतं. ती खरवडत राहिली. पाठीमागे तो येऊन उंबऱ्यात उभा राहिला, हे तिला न बघता कळलं. लहानपणीही तो काही मागायचं असलं की असाच येऊन उभा राहायचा आणि मागायचा नाही.

"कमी काय पडलं तुला इथे?" तिने पातेल्याला विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"ती माझी चूक काढते, अक्का," तो म्हणाला. "मी चाळीस वर्षं शिकवलं. मी बोललो की लोक मान हलवतात. तुम्हीसुद्धा. तिला मी नद्यांबद्दल काही सांगायला लागलो की ती म्हणते, मास्तर, त्या नदीकाठी मी बाळंतपणं केलीत, ती तिकडे वाहतच नाही. मला इतकं बरं वाटतं."

पोकुआला हसू येत होतं आणि ते यावं असं तिला वाटत नव्हतं.

"जा मग. राहा माम्पोंगला, ऐकत बस चुका. सूप तरी येतं का तिला?"

"माम्पोंगला कोण राहणार आहे?"

तिने मागे वळून पाहिलं.

"ती तिच्या आईच्या घरी राहणार, मी माझ्या," तो म्हणाला. "तिचं घर ती सोडणार नाही, तिथेही तुझ्यासारखीच एक बहीण आहे. आपल्या आईने दुसरं काय केलं? बाबा पलीकडच्या गल्लीत, आई इथे. संध्याकाळी बाबांचं ताट डोक्यावर घेऊन आपणच धावायचो की."

"तेव्हा मध्ये एक गल्ली होती. आता घाट आहे."

"म्हणून तर गाडी घेतली." तो आत येऊन तिच्या स्टुलावर बसला. "जायला ट्रोट्रो मिळते, अक्का. पण एकदा दिवस मावळला की तिकडून परतीची मिळत नाही. तिच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा रात्री तिच्या भावाकडे झोपावं लागलं, आणि तू इथे जेवायची थांबलीस. आठवतं? मी शाळेत मुक्काम केला असं सांगितलं होतं. जायला मला गाडी नको होती. गाडी परत यायला घेतली."

पोकुआला आपली लाज वाटली, आणि लाजेपेक्षा किती तरी जास्त आनंद झाला. दोन्ही चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ती पातेल्यावर वाकली.

"परत यायला पांढरी, चार दारांची, अब्रूची गाडी मिळत नव्हती?"

"मिळत होती," अजेकुम म्हणाला. "पण ही मला आवडली."

ती अंगणात आली तेव्हा फोफिएने ओला पॉलिश पेपर बॉनेटला टेकवला होता आणि सेर्वा त्याचा हात धरून ओढत होती.

"हात काढ तिथून."

"मावशी, आत्ताच तर तू..."

"आत्ताचं आत्ता गेलं. नाना, जागे आहात ना? ऐका. बॉनेटचे टवके अजेकुम स्वतः बुजवेल, त्याच्या त्या ब्रशने. नीट बुजव रे, नाहीतर गंज धरेल. आणि पुढच्या गुरुवारी परत उडतील, तेव्हा परत बुजव. सेर्वाने जी चेरी लावलीय ती तशीच राहू दे, ती कोणालाच निघायची नाही."

"आणि लाल?" सेर्वाने विचारलं.

"लालच राहू दे. त्यांच्या दारात लाल गाडी उभी राहिली की आधी त्यांना वाटेल, माती सांगायला आलेत. मग लग्नाचं ऐकून जीव भांड्यात पडेल आणि पटकन हो म्हणतील. आपण मागून चर्चच्या बसने जाऊ."

"तिच्या खिडक्यांतून काही दिसत नाही," नाना कुरकुरले.

"रस्ताभर खडीच आहे. काय बघायचंय?"

अजेकुम तिच्या मागे येऊन उभा होता. "आणि दाराचा टवका, अक्का? तो आधी बुजवायला हवा. दुफिए म्हणते..."

"दाराला शनिवारपर्यंत कोणी बोटही लावायचं नाही. तो पुरावा आहे."

कोणालाच काही कळलं नाही. पोकुआने खुर्ची ओढून घेतली आणि गाडीला पाठ देऊन ऐसपैस बसली.

"शनिवारी त्यांच्या घरी गेलो की पाणी देतील आणि विचारतील, का आलात. बरोबर? लोक काय सांगतात? तुमच्या बागेत एक फूल पाहिलं, ते तोडायला आलो. साठीच्या सुईणीला फूल म्हणायचं माझ्याच्याने होणार नाही, आणि तीही चूक काढेल. नाना, तुम्ही उठायचं आणि सांगायचं, तुमच्या फाटकाने आमच्या पोराच्या गाडीचं नुकसान केलंय. चला बाहेर, दाखवतो. हा आमचा टवका, त्यात हा तुमचा हिरवा रंग. आम्ही भांडायला आलो नाही. भरपाई मागायला आलोय."

नानांचे खांदे हलायला लागले आणि काठी हातातून पडली. सेर्वाने ती उचलून दिली तरी त्यांना ती धरता येईना.

"चार वेळा गेलो मी बाटल्या घेऊन," ते डोळे पुसत म्हणाले, "असलं काही सुचलं नाही. पण पोकुआ, माम्पोंगची माणसं वस्ताद आहेत. म्हणाली, ठीक आहे, चूक आमची, रंगाचे पैसे घ्या आणि जा. मग?"

"म्हणायचं, पैसे राहू दे तुमच्याकडे," पोकुआ म्हणाली. "दार जिने उघडलं, ती द्या."